आत्यांची मुलाखत

"आई, पुन्हा एकदा म्हण बघू. 'हा पॅटिओ माझ्या मुलानं खास माझ्यासाठी केलाय.'"

"ह्यो प्याट्या माझ्या मुलानं..."

"प्याट्या नव्हे गं! पॅटिओ. शेवटी ओठ गोल कर. ओ."

आत्यांनी ओठ गोल केले आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. विश्वजितांना मात्र हसू आलं नाही. ते रुमालानं मानेवरचा घाम टिपत होते. टीव्हीवाले कुठल्याही क्षणी दारात उभे राहणार होते, आत न्हाणीघरात कोंडलेलं कुत्रं गळा काढून रडत होतं, आणि जिची मुलाखत व्हायची ती त्यांची आई एका वाक्यावर अडून बसली होती.

"मी नुसतं परडं म्हटलं तर?" आत्यांनी विचारलं.

"परड्यात म्हशी बांधतात."

"मग? चांगलंच की ते."

मी कप पुसत दारात उभी होते. विश्वजित माझ्याकडं वळले. "कुमुद, तू तरी सांग हिला." आमच्या घरात मला बोलायला सांगितलं जायचं ते असंच, दुसऱ्या कुणाला तरी गप्प करायचं असलं की.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. विश्वजित इंगवले, म्हणजे माझे यजमान, तेव्हा कोल्हापुरात व्याख्याते म्हणून बरेच नावारूपाला आले होते. 'घर हेच मंदिर' हा त्यांचा ठरलेला विषय. महिला मंडळ असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो की शाळेचा पालक मेळावा, माईक दिसला की विश्वजितांना घर आठवायचं. एरवी फारसं आठवायचं नाही. व्याख्यानात एक जागा अशी यायची की ते चष्मा काढायचे, जरा थांबायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "माझी आई आजही माझ्याजवळ राहते. नाही, चुकलो. मी माझ्या आईजवळ राहतो." इथं बायका डोळ्यांना पदर लावायच्या. हे चुकणं मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांचा हात चष्म्याकडं गेला की मी पर्स आवरायला घ्यायची. त्यानंतर लगेच आभारप्रदर्शन आणि चहा असायचा.

आता ज्या आईजवळ ते राहायचे, त्या आईला त्यांच्याजवळ राहायचं नव्हतं, ही एवढी एक गोष्ट व्याख्यानात येत नसे.

हौसाबाई त्यांचं नाव. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून माझ्या त्या आत्या. वारणेच्या काठाला त्यांचं गाव, तिथं तीन खणांचं घर, मागं परडं, परड्यात शेवगा, घेवडा, अळूचा वाफा. मामंजी गेले, त्यांच्या तेराव्याला सगळी भावकी बसली होती. तिथं विश्वजितांनी आईला कोल्हापूरला न्यायचं जाहीर केलं आणि आत्यांनी, दुःखाच्या भरात म्हणा, सगळ्यांसमोर शब्द दिला, "विशू म्हणंल तवर मी त्याच्याजवळ राहीन." विश्वजितांनी तो शब्द जणू खिशात घालून ठेवला. आत्यांनी गावचा विषय काढला की ते तो बाहेर काढायचे. "आई, तू भावकीसमोर कबूल केलंयस." शब्दाला जागणारी बाई ती. गप्प बसायची.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. मागच्या बाजूला भिंतीच्या आत थोडी फरसबंद जागा होती. बिल्डरनं जाहिरातीत तिला पॅटिओ म्हटलं होतं, आणि विश्वजितांनी घर त्या एका शब्दासाठी पसंत केलं, असं मला अजून वाटतं. तिथं त्यांनी बाग केली. केली म्हणजे करवून घेतली. सगळ्या कुंड्या विटकरी रंगाच्या, त्यांत पांढरे गोटे, मधोमध कारंज्याचा दगड, कोपऱ्यात पाम. आत्यांनी सुरुवातीला उत्साहानं गावाकडून अळूचे कंद, गवती चहाचा गड्डा आणि कढीपत्त्याचं रोप आणवलं. एका रविवारी सकाळी उठून पाहतात तर तिन्ही कचऱ्याच्या बादलीत.

"आई, इथं थीम आहे," विश्वजितांनी समजावलं.

"कोण हाय?"

"थीम. म्हणजे सगळं एकमेकांना शोभलं पाहिजे."

आत्यांनी बागेकडं पाहिलं, मग स्वतःच्या लुगड्याकडं पाहिलं, आणि खुर्ची उचलून आत नेली.

तेव्हाच केबलवरच्या एका स्थानिक वाहिनीनं 'सोन्याचा उंबरा' नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. आदर्श कुटुंबांच्या घरी जाऊन गप्पा. विश्वजितांनी ओळखी लावून आपला नंबर लावून घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं की चित्रात काहीतरी कमी पडतंय. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, घरात मुका प्राणी असला की माणसामाणसांतला जिव्हाळा वाढतो. जिव्हाळा त्यांना चित्रीकरणाच्या आत वाढवून हवा होता. त्यांनी एक पिल्लू आणलं. रंग असा निवडला की कुंड्यांना शोभेल.

पिल्लाचं नाव सीझर. अस्सल लॅब्रॅडॉर, असं विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पण जसजसं ते वाढायला लागलं तसतसा त्याचा एक कान उभा राहिला, दुसरा पडलेलाच राहिला, पाय काड्यांसारखे लांबले आणि शेपूट वळून पाठीवर गेली. आई लॅब्रॅडॉर असेलही. वडील मात्र आमच्याच गल्लीतले असावेत. विश्वजितांना हा वैयक्तिक अपमान वाटला. पाहुणे आले की ते पिल्लाला आत नेऊन ठेवायचे आणि सांगायचे, "वाढीचं वय आहे, चेहरा अजून ठरायचाय."

चेहरा ठरायच्या आधी सीझरचा धंदा ठरला. उकरणं. सकाळी विश्वजित बाहेर पडले की तो पहिल्या कुंडीत पाय घालायचा. माती उडायची, पांढरे गोटे फरशीवर घरंगळायचे, आणि अॅडेनियम की काय म्हणतात ती फुगीर बुंध्याची परदेशी झाडं आडवी व्हायची.

आत्यांना आधी कुत्र्याचा तिटकारा होता. "घरात कुत्रं, म्हंजे काय बाई," म्हणत त्या पदर सावरून बसायच्या. एका दुपारी मी सहज मागं डोकावले तर आत्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या, समोर सीझर कुंडी उकरतोय, आणि या त्याच्याशी बोलतायत.

"तितं न्हाई रं, मुळं लागतील. जरा पल्याड. हां. आता खोल जाऊ दे."

सीझरनं तोंड वर केलं तर नाकावर मातीचा ढीग. आत्यांनी ओच्यातून अळूचा कंद काढला, खड्ड्यात ठेवला, वरून माती लोटली आणि त्याच्या डोक्यावर थोपटलं. मला पाहिल्यावर त्या जरा दचकल्या.

"काम करतोय गडी," त्या म्हणाल्या. "त्याला बोलू नगंस."

मी कशाला बोलू? पुढं मीच बाजारातून आल्याचे कोंब फुटलेले तुकडे, गवती चहाचे गड्डे शोधून आणायला लागले. एकदा विश्वजितांनी पामशेजारी फुटलेलं अळूचं पान पाहिलं.

"हे काय उगवलंय?"

"कुत्र्यानं कुठूनतरी आणलं असेल," मी म्हटलं.

विश्वजितांनी ते मुळासकट उपटलं. कोंबडीच्या अंगातून पीस उपटावं तसं. पण आत्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत मी जे तेज पाहिलं, ते लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. त्या जेवायला मागू लागल्या. दुपारच्या झोपायच्या बंद झाल्या. संध्याकाळी सीझरला घेऊन भिंतीच्या कडेकडेनं फिरायच्या आणि त्याला गावाकडच्या माणसांच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायच्या. तो एक कान उभा करून ऐकायचा. घरात आत्यांचं पूर्ण वाक्य ऐकून घेणारा तो एकटाच.

चित्रीकरण दोन दिवसांवर आलं आणि विश्वजितांनी बागेची पाहणी केली. थीम पार निकालात निघाली होती. अर्ध्या कुंड्या बोडक्या, उरलेल्यांत मिरचीची रोपं.  मग त्यांनी फोन फिरवले आणि जेवताना आम्हाला निर्णय सांगितले. एका मंडप डेकोरेशनवाल्याकडून शोभेच्या कुंड्या दिवसापुरत्या येतील. त्यांच्या मित्राचा ब्रूनो, खराखुरा लॅब्रॅडॉर, सकाळी सीझर म्हणून येईल. आणि सीझर?

"शूटिंग संपलं की एका ओळखीच्यांच्या पोल्ट्रीवर देतोय. राखणीला साखळीला बांधतील. त्याच्या लायकीची जागा आहे."

आत्यांचा घास हातातच राहिला. "आणि मला?"

"तुला काय?"

"शूटिंग झाल्यावर मला कुठं द्यायचं ठरवलंयस?"

विश्वजित मोठ्यानं हसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "आईचा विनोद म्हणजे ना!" मी ताटातली भाजी इकडची तिकडं केली.

तर आता पुन्हा त्या सकाळी या. टेम्पोतून कुंड्या उतरल्या होत्या. आदल्या दिवशी त्या कुठल्यातरी मंगल कार्यालयात होत्या. एका पामच्या कुंडीवर 'शुभविवाह' लिहिलेली सोनेरी पट्टी तशीच होती, ती विश्वजितांनी भिंतीकडं वळवून ठेवली. ब्रूनो आला. वयानं, वजनानं आणि स्वभावानं तो एखाद्या निवृत्त मामलेदारासारखा होता. आल्या आल्या कारंज्याच्या दगडाशेजारी आडवा झाला. आत्या कित्येक वर्षं सहावारी नेसायच्या, पण कॅमेऱ्याला नऊवारी बरी दिसते म्हणून त्यांना ट्रंकेतली इरकल नेसवून त्याच दगडाजवळ वेताच्या खुर्चीत बसवलं होतं. सगळं सगळ्याला शोभत होतं.

टीव्हीवाले आले. निवेदन करणारी केतकी नावाची हसरी मुलगी, आणि कॅमेरा खांद्यावर घेतलेला एक धिप्पाड, पेंगुळलेला माणूस. केतकीला घर फार आवडलं. दर चार वाक्यांनी ती "किती छान" म्हणायची. विश्वजित बोलू लागले. संस्कार, मातीशी नातं, आईची माया. "आई गावात वाढलेली. शहरात तिचा जीव रमेना. म्हणून मी स्वतःच्या हातानं तिच्यासाठी ही बाग फुलवली." हे म्हणताना त्यांनी हात पुढं केले. त्या हातांना मातीचा डाग मी लग्नानंतर पाहिलेला नाही.

मग केतकी आत्यांकडं वळली. "आजी, सीझर तुमच्या पायाशी कसा लाडात येऊन बसलाय! कधीपासून आहे हा तुमच्याकडं?"

आत्यांनी वाकून ब्रूनोकडं पाहिलं. "ह्यो? सकाळी आलाय."

"म्हणजे आज सकाळी?"

"व्हय. आंघोळ करूनच आलाय बिचारा. जेवायच्या वक्ताला जाईल. आमचा न्हाणीत हाय. ऐकू येतोय न्हवं? त्योच."

न्हाणीघरातून सीझरनं अगदी वेळेवर एक हेल काढला.

विश्वजित हसले. "आई फार गमतीदार आहे."

केतकीनं चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून विषय बदलला. "आणि आजी, ही सुंदर झाडं? यातलं तुमचं सगळ्यात आवडतं कुठलं?"

"ही बी सकाळीच आली," आत्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खोडीही नव्हती. कुणीतरी प्रथमच त्यांना काही विचारत होतं आणि त्या मनापासून उत्तरं देत होत्या. "कुत्र्याबरुबर न्हाई. त्यांचा टेम्पो येगळा."

कॅमेऱ्यामागं कुणीतरी खाकरलं. पेंगुळलेला माणूस आता चांगला जागा झाला होता.

विश्वजितांचा हात चष्म्याकडं गेला. सवयीनं मी पर्स शोधणार होते. त्यांनी चष्मा काढला, जरा थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कॅमेरा चालू राहू द्या. हे मी आजवर कुठंही बोललो नाही. पण आज बोलतो. माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे."

केतकीनं तोंडावर हात ठेवला.

"रोजचा कुत्रा ती ओळखत नाही. स्वतःच्या हातानं पाणी घातलेली झाडं तिला परकी वाटतात. उद्या कदाचित मलाही ओळखणार नाही. पण आम्ही तिला ते कधी जाणवू दिलेलं नाही. मंदिरात देव आपल्याला ओळखतो का, हे आपण विचारतो का?" इथं त्यांचा आवाज थरथरला, आणि मी सांगते, तो खरोखरच थरथरला. स्वतःचं बोलणं ऐकून त्यांना नेहमीच भरून यायचं. "हो ना, कुमुद?"

केतकीचे डोळे पाण्यानं भरले होते. कॅमेरा माझ्याकडं वळला.

आत्या तिथंच बसलेल्या होत्या, हाताच्या अंतरावर. त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं. त्या माझ्याकडं पाहतील असं मला वाटलं होतं. पाहिलं नाही. त्या इरकलीचा काठ बोटांनी सारखा करत होत्या, सोयरीक ठरताना आत कोपऱ्यात बसवलेल्या पोरीनं करावा तसा. बोलणारे बोलतील, ठरवणारे ठरवतील.

मला फक्त मान हलवायची होती. तोंड उघडायचंही काम नव्हतं. आणि मान हलवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. व्याख्यानांत पहिल्या रांगेत बसून मी आयुष्यभर तेच केलं होतं. मान निघालीसुद्धा. ती अर्ध्या वाटेत कशी थांबली ते मला सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मॅडम, जरा मोठ्यानं," कॅमेरावाला म्हणाला. "आवाज आला नाही."

"नाही!" या वेळी तो इतका मोठा निघाला की ब्रूनोनं डोळा उघडला. "आत्यांना काही झालेलं नाही. त्यांना सगळं आठवतं. तो कुत्रा आमचा नाही, झाडं आमची नाहीत, आणि त्या बोलल्या ते सगळं खरं आहे."

"कुमुद," विश्वजित दातांतून म्हणाले, "तू ताणाखाली आहेस. चहा बघ जा."

मी आत गेले. चहा नाही बघितला. न्हाणीघराची कडी काढली.

सीझर बाहेर पडला तो बादलीत भिजलेला, अंगाला साबणाचा फेस, तोंडात माझा कपडे घासायचा ब्रश. बैठकीतून तो एका झेपेत मागं गेला. ब्रूनोला ओलांडताना त्याच्या पोटावर पाय देऊन गेला. दोन कुंड्या पडल्या, तिसरी फिरली आणि 'शुभविवाह' कॅमेऱ्याकडं तोंड करून उभं राहिलं. सीझरनं थेट आत्यांच्या मांडीवर उडी घेतली आणि इरकलीवर चिखल, फेस आणि लाळ यांची नक्षी काढत त्यांचं तोंड चाटू लागला.

"आरं, आरं, आरं!" आत्या त्याला दोन्ही हातांनी धरत होत्या आणि हसत होत्या. "कोंडला व्हता व्हय रं तुला? कोंडला व्हता माझ्या सोन्याला?"

कॅमेरावाल्याचा खांदा हसण्यानं गदगदत होता. केतकीनं डोळे पुसले आणि विचारलं, "सर, मग हा सीझर का?"

विश्वजितांनी चष्मा पुन्हा लावला. पुढं काय म्हणायचं हे त्यांच्या कुठल्याच व्याख्यानात नव्हतं.

टीव्हीवाले गेले. जाताना केतकी माझ्याकडं न बघता चपला घालत होती, बिचारीला घाई झाली होती. विश्वजितांनी दार लावलं, कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"एक मान हलवली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?"

"आत्यांना जिवंतपणी वेडं ठरवलंत तुम्ही. त्यांच्या तोंडावर."

"वेडं कुठं म्हणालो? आजार म्हणालो. सहानुभूती मिळाली असती तिला. सगळ्या जिल्ह्याची."

"आणि उद्या मी काही खरं बोलले की माझ्याबद्दल असंच सांगाल. तेव्हा मान कोण हलवणार?"

 मीच दचकले. आपण आत्यांसाठी बोललो अशी माझी समजूत होती. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की मी कुणासाठी बोलले.

एवढ्यात आत्या आतून आल्या. सहावारी नेसलेल्या, हातात पिशवी, पिशवीतून गवती चहाच्या काड्या डोकावत होत्या. मागोमाग सीझर.

"कुठं निघालीस?" विश्वजित म्हणाले.

"गावाला."

"आई, आता तमाशा पुरे. तू भावकीसमोर शब्द दिलायस. मी म्हणेन तोवर इथं राहायचं."

"शब्द?" आत्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग त्यांनी मान हलवली. "न्हाई बा. कायबी आठवत न्हाई. तूच सांगितलंस की आताच त्या पोरीला. मला इसरायचा आजार हाय."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.  ज्या हत्यारानं विश्वजित आत्यांना एवढे दिवस धरून होते, ते त्यांनी स्वतःच, कॅमेऱ्यासमोर, चष्मा काढून, मोडून टाकलं होतं.

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. डेकोरेशनवाला कुंड्या न्यायला आला होता. संध्याकाळी वारणेकडच्याच एका गावात लग्न होतं, झाडं तिकडं निघाली होती. आत्यांनी टेम्पोवाल्याला गावाचं नाव सांगितलं, तो म्हणाला, "वाटंवरच हाय, मावशी. बसा की." त्या पुढं बसल्या, सीझर पायाशी. मी पर्स घेतली आणि मागोमाग चढले.

"तू कुठं?" विश्वजित दारातून म्हणाले.

"पोचवून येते."

"आणि ब्रूनो?"

खरंच, ब्रूनो अजून मागच्या फरशीवर झोपलेला होता. "तुमचा पाहुणा आहे," मी म्हटलं. टेम्पो हलला. मागचे पाम टपावरून पुढं झुलत होते. रस्त्यातले लोक वाट देत होते. त्यांना वाटत असणार, नवरीकडची माणसं.

मी परत आले, पण लगेच नाही. आल्यावर संसार केला, अजून करते. आमचं भांडण पुन्हा झालं नाही, कारण त्या विषयावर विश्वजित पुन्हा बोललेच नाहीत. दर महिन्याला मी गावी जायची, विचारून नव्हे, सांगून. पुढच्याच वर्षी विश्वजितांचं नवं व्याख्यान आलं. 'आईला तिचं आकाश द्या'. त्यात एक जागा अशी येते की ते चष्मा काढतात आणि म्हणतात, "मी आईला माझ्याजवळ ठेवलं असतं. पण मग ती तिच्याजवळ राहिली नसती." इथंही बायका पदर लावतात. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची मात्र आता दुसऱ्या कुणाला तरी देतात.

हे नंतरचं. 'सोन्याचा उंबरा'चा तो भाग लागला तेव्हा मी गावीच होते. तो दाखवणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण विश्वजितांची ओळख मोठी, आणि वाहिनीकडं त्या आठवड्याला दुसरं काही नव्हतं. शेजारच्या गजराबाईंकडं टीव्ही होता. आम्ही सगळ्या त्यांच्या बाहेरच्या सोप्यात बसलो. सीझर उंबऱ्याबाहेर, कोंबड्यांवर नजर ठेवून.

कार्यक्रम फार देखणा झाला होता. विश्वजित बोलत होते. झाडं डुलत होती. ब्रूनो झोपला होता. मी चहाचा ट्रे घेऊन एकदा आले आणि गेले. आणि मधूनमधून, सतारीच्या सुरावर, इरकल नेसलेल्या आत्या दिसत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, हसत होते, हात कुत्र्याकडं आणि झाडांकडं काहीतरी दाखवत होते. आवाज सगळा काढून टाकला होता. त्या जागी विश्वजितांचा आवाज होता, आईच्या मायेबद्दल. शेवटी त्या काठ सारखा करत खाली मान घालून बसल्या होत्या तेवढंच चित्र हळूहळू मोठं होत गेलं, त्यावर फुलांची चौकट आली आणि नावं सरकू लागली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी आत्यांकडं पाहिलं. त्या हनुवटीवर बोट ठेवून, डोळे बारीक करून पडद्याकडं बघत होत्या.

"कुमुद, ही म्हातारी कोण गं?" त्यांनी विचारलं. "लई गुणाची दिसती."

गजराबाई खदखदून हसल्या. "अगं हौसा, तूच की ती!"

"मी?" आत्या उठल्या, पदर झटकला आणि पायात वहाणा सरकवल्या. "छ्या. मी असते तर बोलले नसते व्हय?"